पऱ्हाटीचा ट्रे

"हिरवं रसायनशास्त्र" असं कुणी म्हटलं की आता माझं डोकं फिरतं. आमच्या चौसाळ्यात चैत्र लागला की हिरवं म्हणून काही उरत नाही. आमच्या दुकानाबाहेर टांगलेल्या बादल्या तेवढ्या हिरव्या, त्याही प्लास्टिकच्या. आणि मी बया त्या गावात बसून हिरव्या रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला निघाले होते. हसा, खुशाल हसा. गावही हसलं होतं.

मी वडवणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, तासावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि सुट्ट्या लागल्या की आपण घरी. सासरी माझं जमलं नाही, परत माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली. आई त्याआधीच गेलेली. घरात मी आणि माझे वडील, आप्पा. हायवेला लागून आमचं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान, बादल्या, टब, डबे, खुर्च्या, आणि दुकानामागंच घर. कपाळाला भस्माचे पट्टे ओढून आप्पा सकाळी गल्ल्यावर बसतात ते दिवेलागणीलाच उठतात.

आप्पांना एकच घोर होता. "मी हाय तवर हाय. माज्या मागं तुजं काय?" हे ते तोंडानं क्वचित म्हणायचे. पण भाकरी मोडता मोडता त्यांचा हात मधेच थांबायचा, तेव्हा डोक्यात काय चाललंय ते मला कळायचं. पीएच.डी. झाली असती तर कॉलेजात कायमच्या जागेसाठी उभं राहता आलं असतं. नाही झाली तर आहेत ते तासही जातील, हे प्राचार्यांनी तोंडावर सांगितलेलं. माझं पुढचं सगळं जगणं त्या एका पदवीवर येऊन टेकलं होतं, आणि आप्पांची शांत झोपही.

विषय मीच निवडला, कुणी लादला नव्हता. पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की रानात ज्या काड्या उभ्या राहतात त्या. आमच्याकडं कुणी त्या चुलीत घालतं, कुणी कुंपणाला लावतं, आणि बाकीचे बांधावर ढीग करून पेटवून देतात. त्या काडीत सेल्युलोज असतं, म्हणजे झाडाला ताठ उभं करणारा पांढरा तंतू. तो काढून प्लास्टिकमध्ये मिसळला तर प्लास्टिक कमी लागतं आणि माल कडक होतो. ऐकायला सोपं आहे. पण सेल्युलोजला पाणी लई प्यारं, आणि प्लास्टिकला पाण्याचा तिटकारा. दोघं एका जागी नांदत नाहीत. नांदण्याबद्दल मला जास्त बोलायला लावू नका.

मग त्या तंतूचा स्वभाव बदलावा लागतो. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी जहाल रसायनं वापरतात, वास नाकात गेला की डोळ्यांतून धार लागते. वापरून झालेलं ओतायचं कुठं हा प्रश्न वेगळाच. मी म्हटलं, आपण लिंबूसत वापरू. किराणा दुकानात पुडीत मिळतं तेच. काडीचा लगदा धुण्याच्या सोड्यात, म्हणजे खायच्या सोड्याच्या थोरल्या भावात, उकळून पांढरा करायचा, लिंबूसताच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, मग ओव्हनमध्ये तापवायचा. लिंबूसत तंतूला धरून बसतं. शेवटी पाण्यानं धुऊन धुऊन उरलेलं काढून टाकायचं. विष नाही, वास नाही. हेच ते हिरवं.

अंगणात पऱ्हाटीचा ढीग बघून शेजारच्या बाया विचारायच्या, "काय गं बाई, गॅस संपला का काय?" आप्पा गल्ल्यावरून म्हणायचे, "माज्या लेकीनं पऱ्हाटीचं प्लास्टिक करायचं काढलंय. माजा धंदा बुडवती का वाढवती, महादेवालाच ठाव." पण पऱ्हाटी बारीक तोडायला संध्याकाळी विळा घेऊन तेच बसायचे. बोटांना काटक्या लागून रक्त यायचं, तरी उठायचे नाहीत.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळा खेळ तिथंच झाला.

कॉलेजच्या लॅबमध्ये डिस्टिल पाण्याचं यंत्र होतं. त्याचा हीटर जळाला आणि ते परत कधी दुरुस्त झालं नाही. अर्ज दिले, आठवण करून दिली, तोंडानं सांगितलं, भांडले. "बघू मॅडम." बघितलं कुणीच नाही. नळाला पाणी येईल तर शपथ. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल पाण्याचे कॅन आणायचे म्हटले तर मोजमापाच्या कामापुरते परवडायचे. तंतू धुवायला पाणी लागतं ड्रमच्या ड्रम. म्हणून धुण्याचं काम मी घरी आणलं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. ते पाणी तळ्यातलं, गढूळ, चहाच्या रंगाचं. मग आम्ही करतो ते सगळं गाव करतं. ड्रम भरला की हातात तुरटीचा खडा धरून पाण्यात चार फेरे फिरवायचे, झाकण ठेवायचं. सकाळी गाळ खाली, वर नितळ पाणी. आजी करायची, आई करायची, आता आप्पा करतात.

माझ्या ड्रमची जबाबदारी आप्पांनी स्वतःहून घेतली. इतर पाण्यात खडा दोनचार वेळा फिरवून सोडणारे आप्पा माझ्या ड्रमात खडा फिरवतच राहायचे. "लेकीच्या अभ्यासाचं काम हाय. पाणी कसं काचावाणी पायजे." आणि खरंच, तळातल्या गाळाचा कण न् कण दिसायचा.

तुरटी फिरवली म्हणजे आपण पाण्यात काहीतरी घातलं, असं आमच्याकडं कुणालाही वाटत नाही. मीठ घातलं म्हणजे घातलं, साखर घातली म्हणजे घातली. तुरटी म्हणजे पाणी स्वच्छ केलं, बस. अंगण झाडलं तर कुणी म्हणतं का, अंगणात झाडू घातला? मी रसायनशास्त्र शिकवणारी बाई, तुरटीचं सूत्र झोपेत म्हणून दाखवेन. पोरांकडून ते पाठही करून घेतलंय. तरी प्रबंधात मी लिहिलं, तंतू स्वच्छ पाण्यानं धुतला. आणि ते लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

निकाल आले ते बघून मी वेडी व्हायची बाकी होते. आप्पांच्या ओळखीचा एक कारखानदार बीडच्या एमआयडीसीत टब बनवतो. तो साप्ताहिक सुट्टीला मला त्याचा प्रेस वापरू द्यायचा. प्लास्टिकचे दाणे आणि माझा तंतू मिसळून मी पत्रे दाबले. ते पाण्यात बुडवून ठेवले, काढले, पुसले, तोलले. पाणी प्यायलेच नाहीत! साध्या तंतूचे पत्रे सुजून जाडजूड व्हायचे, आणि लिंबूसतवाले जसेच्या तसे. साधा तंतूही मी त्याच पाण्यात धुतला होता बरं का. दोघांना पाणी एकच, फरक फक्त लिंबूसताचा. म्हणजे करामत लिंबूसताचीच. यात कुठं चूक दिसते का तुम्हाला? मला नाही दिसली. आमच्या गाईडना, म्हणजे विद्यापीठातल्या सरांनाही तेव्हा दिसली नाही. उलट म्हणाले, "एवढं चांगलं येत नसतं. पण आलंय खरं."

त्या कारखानदाराच्या साच्यात आम्ही रोपांचे ट्रे पाडले, नर्सरीवाले मिरची-टोमॅटोची रोपं लावतात तसले. रोज पाणी मारलं तरी फुगत नव्हते. त्यातला एक ट्रे आप्पांनी दुकानाच्या दारात, सगळ्यात पुढं, उन्हात ठेवला. बादली घ्यायला आलेल्या माणसाला आधी तो ट्रे दाखवायचा, मग बादली. "पऱ्हाटीचा हाय. आमच्या लेकीनं केलाय. लिंबूसतानं, बरं का, इख न्हाई त्यात काई." ज्या बाया गॅस संपला का म्हणत होत्या, त्यांना तर दोन-दोनदा दाखवला. त्या दिवसांत आप्पा भाकरी मोडताना थांबत नव्हते. मला वाटलं, सुटलो बाई आपण. दोघंही सुटलो.

प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून घेतली होती, ती संपत आली होती. सर म्हणाले, "देण्याआधी एक खेप माझ्या लॅबमध्ये करा, माझ्या डोळ्यांसमोर. परीक्षक विचारतील." मी म्हटलं, करू की. इथून पऱ्हाटी पोत्यात भरून नेली, बसच्या टपावर टाकून. तिथं काय, नळ सोडला की डिस्टिल पाणी. हेवा वाटला मला त्या नळाचा. सगळं तसंच केलं, रेषभर फरक नाही. पत्रे दाबले, पाण्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी काढले तर चहात बुडवलेल्या पावासारखे फुगलेले.

परत केलं. परत तेच. सर माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात जे होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लॅबमधली बाकीची मुलं उगाच काचा पुसायला लागली. सर हळू आवाजात म्हणाले, "बाई, खरं सांगा. तिकडचे आकडे बसवलेत का?"

बसवलेत का! मी तिथंच ओरडले. सरांवर ओरडले, हो. म्हटलं, माझ्या घरचे पत्रे घ्या, तुमच्या मशीनमध्ये घाला, काय पाहिजे ते तपासा. सर भले माणूस, त्यांनी खरंच घातले. घरच्या पत्र्यांत जे निघालं ते त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. अॅल्युमिनियम. भरपूर.

"हे कुठून आलं? पाण्यात काय टाकत होता तुम्ही?"

"काही नाही सर."

महादेवाची आण, मला तेव्हा खरंच वाटत होतं की काही नाही. मी भांड्यांचा विचार करत होते. टोप, चाळणी, प्रेसचा साचा. परतीच्या वाटेवर सगळा वेळ तेच.

बीडच्या स्टँडवर चौसाळ्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. समोर एक सलून. न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची दाढी संपवली, गाल पुसले, आणि फळीवरचा पांढरा खडा उचलून ओल्या गालांवर फिरवला. मी बघत राहिले. तो खडा. ओला गाल. मी बाकडं घट्ट धरलं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कावून गं माय, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही मावशी, अक्कल आली." म्हातारी जरा सरकून बसली.

तिथूनच सरांना फोन लावला आणि ड्रमातल्या तुरटीचं सांगितलं. ते समजावल्यासारखं बोलले, आणि त्यांचा तो समजावणारा आवाज मला शिवीपेक्षा जास्त लागला. लिंबूसतानं तंतूवर आंबट हात फुटतात, म्हणाले, तुरटीतलं अॅल्युमिनियम त्या हातांना धरून गाठी मारतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. साध्या तंतूला तसे हात नसतात, म्हणून तो त्याच पाण्यात धुऊनही कोराच राहिला. मी म्हटलं, "सर, मग हाच शोध लिहू की! तुरटीही गरिबाचीच वस्तू आहे." सर म्हणाले, "कागदवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करतात, शाई पसरू नये म्हणून. नवं काय त्यात? आणि तुरटीचा आंबटपणा सेल्युलोजला आतून खातो. जुन्या कागदाचा हात लावला की भुगा होतो तो कशानं? ऊन लागलं की तुमचे ट्रेही तेच करतील." मी मुदतीचं विचारलं. वाढवून मिळालेली मुदत परत वाढत नाही, म्हणाले. नव्यानं नाव नोंदवून पहिल्यापासून करता येईल. पहिल्यापासून! तोवर माझी जागा कॉलेजात कुणी धरून ठेवणार होतं का? करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा तर मारुतीही झाला नाही.

घरी आल्यावर आप्पांना काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काहीतरी थाप मारायची, परीक्षकांनी नाकारला म्हणायचं. पोचले तर दुकानात एक बाई डबे बघत होती आणि आप्पा नेहमीप्रमाणं ट्रे दाखवत होते. "दाबून बघा की, लई मजबूत हाय." तिनं काठाला अंगठा लावला आणि काठ तुटून तिच्या हातात आला. तिनं घाबरून दुसरीकडं धरलं, तेही तुटलं. आतून पिवळा पडला होता तो ट्रे. बाई म्हणाली, "मी काई न्हाई केलं हं." आप्पा म्हणाले, "तुमी काई न्हाई केलं. उनानं झालं आसंल." ती गेल्यावर त्यांनी तुकडे वेचले, खाली बसून, एक एक. मग माझ्याकडं बघितलं. "काय म्हनले सायब?"

"जमत नाही म्हणाले. इथल्या आणि तिथल्या पाण्यात फरक पडला."

"पान्यात?" आप्पा उठले. "आपलं पानी तर काचावाणी हाय. मी सोता बघतो रोज. तुज्या ड्रमाला तर मी कुनाला हातबी लावू देत न्हाई. त्यांच्याच पान्यात काई खोट आसंल. तू म्हनली न्हाई का त्यांना, आमचे आप्पा किती..."

मला ते ऐकवेना. काय झालं माझं मला कळलं नाही, मी एकदम किंचाळले, "तुरटी आप्पा! तुमची तुरटी! तिच्यामुळंच फुगत नव्हते आणि तिच्यामुळंच मोडले! एकट्या लिंबूसताचं काहीच नव्हतं त्यात!"

रस्त्यावरून जाणारे दोघं थांबून बघायला लागले. आप्पा हातात ट्रेचे तुकडे घेऊन उभे. त्यांना सगळं कळलं नसेल, पण पाहिजे तेवढं कळलं. म्हणाले, "मग मी आता नुसतं पानी भरतो. गाळून घेऊ पाच पदरी फडक्यातनं. तू परत करून बघ."

"मुदत संपली."

"वाढवून मागू की. मी येतो संगं. पाया पडतो सायबाच्या."

"वाढवलेलीच संपली, आप्पा."

ते गल्ल्यावर जाऊन बसले. तुकडे त्यांनी टाकले नव्हते, मांडीवरच होते. खाली मान घालून म्हणाले, "म्हंजे माज्यामुळं."

"तसं नाही आप्पा," मी म्हटलं. "मलाच कळायला पाहिजे होतं. मी शिकलेली आहे." हे खरं होतं आणि मनापासून होतं. पण ते म्हणण्याआधी मी क्षणभर गप्प बसले होते. जन्मभर गिऱ्हाइकाचं तोंड वाचत आलेल्या माणसाला तेवढा क्षण पुरेसा होता.

जूनमध्ये कॉलेजनं माझे तास दुसऱ्या मुलीला दिले. तिची पीएच.डी. झालेली आहे. चांगली मुलगी आहे, तिच्यावर राग धरावा तर धरताही येत नाही. मी आता दुकानात बसते, बादल्यांची किंमत सांगते, घासाघीस करते. पऱ्हाटीचं पोतं शेजारच्या बाईला चुलीसाठी देऊन टाकलं. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. आपलं आता काही होणार नाही, हे मला पक्कं कळलंय. कुणी धीर द्यायला लागलं की मी उठून आत जाते. आप्पा परत भाकरी मोडता मोडता थांबतात. घोर तोच आहे, पण आता ते तोंडानं म्हणत नाहीत.

दुपारी ऊन चढलं की ते घरातून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येतात. पहिल्यापासून आणतात, लहानपणी शाळेतून आले की आणायचे तसाच. फक्त आता माझ्या हातात देत नाहीत. समोर धरून उभे राहतात आणि विचारतात, "हे चालंल का गं तुला?"

"चालतंय आप्पा," मी म्हणते, आणि पिते. तांब्या रिकामा होईपर्यंत ते तिथंच उभे असतात.